हौदातली खाट

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. त्यातून कोणी माझ्या सिम्युलेशनला 'कार्टून' म्हटलं, तर विचारूच नका. पाणीपुरवठ्याच्या कृष्णकांत साहेबांनी ते पहिल्याच भेटीत म्हटलं होतं.

काम तसं सरळ होतं. कन्हान नदीचं पाणी आधी एका सिमेंटच्या हौदात येतं आणि तिथून पंप ते ओढून नागपूरकडे ढकलतात. साहेब पाहणीला गेले की दोन नंबरचा पंप खडखडायचा. का, ते संगणकावर शोधायचं. साहेबांच्या ऑफिसातले नकाशे घेऊन अकरा दिवस मी पडद्यावर पाणी फिरवलं. उत्तर मिळालं: दोन नंबरच्या पाइपमागे भोवरा होतो आणि त्यातून पंपात हवा शिरते. उपाय, हौदात एक भिंत.

"बुधवारी भोवरा जागेवर दाखवा, मग अहवालावर सही करतो," साहेब म्हणाले. त्या सहीवर माझी नोकरी पक्की होणार होती. सहा महिने मी त्यासाठी जिभेला लगाम घालून होते.

मंगळवारी दुपारी न सांगता एकटीच पंपहाऊसवर गेले. पंप चालू, आणि पाणी वाटीतल्या वरणासारखं निवांत. भोवरा नाही, खडखड नाही. म्हणजे माझं चित्र खोटं? मग नीट पाहिलं. जिथे भोवरा हवा होता, नेमकी तिथेच चार दोरांनी बांधलेली एक लाकडी खाट तरंगत होती.

पंप चालवणारे बळीरामभाऊ दारात उभे होते.

"हे काय आहे, भाऊ?"

"खाट आहे, मॅडम."

"ते दिसून राहिलं. पाण्यात काहून?"

बरेच आढेवेढे घेऊन ते बोलले. "दोन वर्षांआधी साहेब अचानक आले. ड्युटीवर खाट दिसली असती तर मले सस्पेंडच केलं असतं. म्हणून हौदात ढकलून देल्ली. तेव्हापासून पंप बोंबलून नाही राहिला. पण साहेब येनार असले का मी खाट काढतो अन् झुडपात लपवतो."

"आणि मग पंप खडखडतो."

"हो न. साहेबाले वाटते, रोजच खडखडते."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. पण मनात पहिलं काय आलं तेही सांगते, लाज वाटते तरी. उद्या ही खाट निघणार, भोवरा होणार, माझी नोकरी पक्की. मी गुपचूप घरी आले.

बुधवारी साहेब आले. खाट गायब होती. पाइपमागे पाण्याला खळगा पडला, गरगरला, आणि पंप खडखडू लागला. अगदी माझ्या चित्रातल्या जागी.

"मान गये, उत्तरा मॅडम," म्हणत साहेबांनी पेन काढलं. "भिंतीसाठी हौद महिनाभर रिकामा ठेवावा लागेल. वस्त्यांना टँकर लावू."

महिनाभर टँकर, आणि इलाज दहा पावलांवर झुडपात पडलेला. मला संताप आला, या वेळी स्वतःचाच.

"थांबा, साहेब. भिंत नको. बळीरामभाऊ, ती आणा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, तरी आणली. खाट पाण्यावर टेकली तसा भोवरा मोडला आणि खडखड थांबली. साहेब वाकून तिच्याकडे पाहू लागले.

"हे काय आहे?"

"तरंगता अडथळा," मी ठोकून दिलं. "माझाच प्रयोग. सहा फूट बाय तीन."

"सहा बाय तीनच काहून?"

मी आकडेमोड शोधत होते, तेवढ्यात बळीरामभाऊ मदतीला धावले. "त्याच्याहून लहान केली तर पाय बाहेर येतेत, साहेब."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा निवांत पंपाकडे. मग अहवालातली 'भिंत' खोडून वर लिहिलं, "सदर खाट पाहणीच्या वेळीही काढू नये," आणि खाली सही केली.