कुंतामावशीचा आवाज

गेल्या तीन-चार वर्षांत गावावर निघालेला एकही मराठी सिनेमा मी सोडला नाही. बहुतेकांनी डोकं उठवलं. दिग्दर्शक गाडीतून उतरतो, ड्रोन उडवतो, वरून धानाच्या बांध्या हिरव्यागार दाखवतो आणि खालची माणसं अशी दाखवतो, की त्यांना आंघोळ माहीतच नाही. आमच्याकडचा माणूस पडद्यावर आला की एक तर मरायला आलेला असतो, नाही तर हसवायला. मधलं काही नाही. मधल्यात आम्ही जगतो, त्याचं तिकीट खपत नसावं.

सगळेच तसे नाहीत. मागच्या वर्षी एका बाईने सिनेमा केला, त्यात एक म्हातारा अख्खं ताट जेवतो. संगीत नाही, संवाद नाही. शेवटी ताटातच हात धुतो आणि ताट स्वतः उचलून नेतो. घरात त्याच्याशी कोणी बोलत नाही, हे मला तेवढ्यात कळलं. याला म्हणतात दिग्दर्शन. असं मी फोनवर लिहितो. गोंदियातली पोरं वाचतात, शिव्या देतात, पुन्हा वाचतात.

म्हणून दवनीवाड्याचा माझा दोस्त ओमेश्वर बिसेन याने पहिला सिनेमा केला तेव्हा मला बजावलं, "पाह्य, पण लिहितानी सोडू नको बे मले."

हिरोच्या आईचं काम ओमेश्वरच्याच आईने, कुंतामावशीने केलं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे. शूटिंगला मी होतो. पोरगा घर सोडून निघतो आणि मावशी म्हणते, "भात होऊनच राहिला, दोन घास खाऊन जाय ना बाबू." कॅमेऱ्यामागची माणसं डोळे पुसत होती.

गोंदियाच्या थिएटरात दुपारचा शो होता. मावशी शेजारच्या बायकांना छोटा हत्ती टेम्पोत भरून घेऊन आली. तो सीन आला. पडद्यावर मावशीने तोंड उघडलं आणि आतून दुसरीच बाई बोलली. गुळगुळीत, पुण्याकडची. "अरे बाळा, दोन घास तरी खाऊन जा ना."

"हे कोन बोलून राहिली माह्या तोंडातून?" मावशी मोठ्याने म्हणाली.

शेजारची प्रेमिला खिदळली, "पुन्याले कवा जाऊन आली वो कुंताबाई? सांगतली बी नाही!"

अख्खी रांग हसली. मावशीने पदर तोंडावर घेतला, तो सिनेमा संपेपर्यंत काढला नाही.

बाहेर गाड्यांच्या स्टँडवर मी ओमेश्वरला धरलं. "काऊन केलं बे असं?"

"सिनेमा घेणारे म्हनले, बाईचं बोलनं लोकायले समजनार नाही. आवाज बदला, नाही तं सिनेमा पडून राहीन."

"तुले समजत होतं ना?"

"मले समजत होतं."

"मंग मायले आधी काऊन नाही सांगतलं?"

"सांगाले गेलो होतो. ती शेजारनीयले तिकिटं वाटून राहिली होती."

ज्यांना मी इतकी वर्षं झोडपलं त्या दिग्दर्शकांचा चेहरा मी कधी जवळून पाहिला नव्हता. हा चेहरा दोस्ताचा होता. तरी लिहिलंच. लिहिलं, की चांगल्या सिनेमात आईची जीभ कापली आहे आणि कापणाऱ्याला ते माहीत आहे. ओमेश्वरने ते स्वतःच सगळ्यांना पाठवलं.

खरी पंचाईत मंडईची होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाटक होतं. यंदा दवनीवाड्यात नाटकाआधी ओमेश्वरचा सिनेमा ठरला होता. मावशीने सांगून टाकलं, "मी नाही येत. सारे पाहुने पाह्यतीन, मी बाहुलीवानी तोंड हालवून राहिली."

ओमेश्वर तिच्यापुढे खाली बसला. "माय, नाटकवाल्यायचा माइक राह्यते ना तठी. तुह्या सीनले मी आवाज बंद करतो. तू बोल."

"आन चुकली तं?"

"चूक ना. मी नाही का चुकलो?"

दिवेलागणीला नाटकाच्या स्टेजवर कपडा ताणून सिनेमा सुरू झाला. सीन आला. ओमेश्वरने आवाज बंद केला. पडद्यावरची मावशी बोलत होती, माइकपुढची गप्प उभी. कोणीतरी शिटी मारली. तेव्हा प्रेमिलाच ओरडली, "बोल ना वो! घरी तं आयकू देत नाहीस कोनाले!"

लोक हसले, मावशीही हसली, आणि बोलली, "भात होऊनच राहिला, दोन घास खाऊन जाय ना बाबू."

उशीर झाला होता. पडद्यावर तिचं तोंड मिटलेलं, पोरगा एसटीत बसलेला. पण ती थांबली नाही. लिहिलेलं संपलं, न लिहिलेलं निघालं. "फोन करजो. तिकडच्यायले माहं बोलनं नाही समजत म्हन्ते, तं तू समजावून सांगजो. लाजू नको."

पडद्यावर पोरगा नागपूरला पोचला, ऑफिसात शिरला, साहेबाशी बोलू लागला. त्याचं नुसतंच तोंड हलत होतं. मंडप मावशीला ऐकत होता.

ओमेश्वरचा हात बटनावर होता. त्याने ते फिरवलं नाही. "बस, झालं माहं," म्हणून मावशी माइकपासून बाजूला झाली, तोवर सिनेमा बराच पुढे गेला होता. मागे घे, असं कोणीच म्हणालं नाही.