ठकीचा दुसरा जबडा

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू ठकीच्या बापाने बनवलेलं होतं. कवळ्या करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे सगळ्यात आधी तोच सांगायचा. घरातलं एक तोंड मात्र त्याला जुमानत नव्हतं. सहा वर्षांची ठकी झोपताना अंगठा चोखायची, आणि तेही मन लावून.

कडू औषध लावून झालं. चार दिवस तिने तोंड वेडंवाकडं केलं, मग "आज लावायचं नाही का?" म्हणत स्वतःच बाटली घेऊन आली. अंगठ्याला पट्टी बांधली, तर डाव्या अंगठ्याने विनातक्रार कार्यभार स्वीकारला.

दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "पुढचे दात पुढे सरकलेत, वरचे-खालचे मिटत नाहीत. हे दुधाचे आहेत म्हणून ठीक. पक्के यायच्या आत सवय सुटली तर बहुतेक आपोआप सावरेल. नाहीतर तारा."

डॉक्टरीणबाईंच्या तारा वाकवून द्यायचा कोण? ठकीचा बाप. पोरीसाठीच वाकवाव्या लागल्या, तर धंद्यात तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्याने ठकीच्या दातांचा ठसा घेतला, प्लॅस्टर ओतलं, वरचा-खालचा जबडा बिजागरीवर बसवला आणि तिच्यापुढे ठेवला.

"बघ. दाढा मिटल्यात, तरी पुढे भोक. हे तुझ्या अंगठ्याने पाडलंय."

"मी? एकटीने?"

"एकटीने."

ठकीची छाती फुगली. तिने त्या भोकात अंगठा घातला. चपखल बसला.

"अगं, लाज वाटायला हवी," आई म्हणाली. "बक्षीस मिळाल्यासारखी काय करतेस?"

"बसलाय मात्र झकास," बाप म्हणाला. बायकोने नुसतं पाहिलं, तसा तो खोकला.

ठकी जबडा घेऊनच झोपली. अंगठा प्लॅस्टरच्या दातांत. स्वतःचं तोंड रिकामं.

"हे काय नवीन?" आईने विचारलं.

"तोंडात आहे का?" बापाने विचारलं.

"नाही."

"मग झोपू दे."

एकदा दुपारी आत्या आली आणि पलंगाजवळ किंचाळली, "पोरीला काहीतरी चावलंय!"

"हळू, वन्सं," आई म्हणाली. "तिचेच दात आहेत."

काही महिन्यांनी जबडा फरशीवर पडून फुटला. ठकीने घर डोक्यावर घेतलं. बापाने नवा ठसा घेतला, नवा जबडा केला. अंगठा आत जाईना. तिने दाबला, तिरका केला, नखापाशीच अडला.

"बाबा, तू बिघडवलंस."

बापाने जबडा उजेडात धरला. फट निम्म्याहून जास्त मिटली होती. कामाला नावं ठेवणाऱ्याला मिठी मारावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"बिघडलंय खरं," तो म्हणाला.

"दुरुस्त करून दे मग."

"उद्या ये. आणि तोवर अंगठा तोंडात नको हं. माप बदलेल, मग सगळं पहिल्यापासून."

कामाची गोष्ट होती, ठकीला पटली. ती रोज येऊन विचारायची. तो रोज मान वर न करता "उद्या" म्हणायचा. कवळीवाल्याचा उद्या केवढा असतो, हे गावातले म्हातारे तिला सांगू शकले असते. पण तिने त्यांना विचारलं नाही, आणि पक्के दात सरळ खाली उतरले.