विहिरी आटवणारे महाराज

शिंप्याच्या विहिरीत सोडलेली बादली वर आली ती नुसता चिखल घेऊन. काठावरच्या गर्दीची महाराजांच्या पाया पडायला एकच झुंबड उडाली. ही विहीर आटणार, असं महाराजांनी आधीच सांगितलं होतं. त्याआधी सुताराची सांगितली होती, तीही आटली होती.

"मी विहिरी आटवत नाही रे बाबांनो," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मी फक्त ऐकतो. नदी माझ्या कानात रडते. तिच्या काठी आजाऱ्यांच्या चादरी धुतल्या जातात. ती विटाळली, रुसली आणि जमिनीच्या पोटात निघून गेली."

दवाखान्याच्या चादरी धुणारी एकच होती, धोबीण मावशी. दुसऱ्या दिवसापासून दुकानदार तिला साबण देईना. कुणीतरी तिचं वाळत घातलेलं धुणं चिखलात लोळवलं. एका संध्याकाळी तिच्या दारावर दगड पडले.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा महाराजांवर काडीचाही विश्वास नव्हता. पण सासूबाई म्हणाल्या, "आपले कपडे तिच्याकडे नकोत गं, लोक नावं ठेवतील," आणि घरात कटकट नको म्हणून बाईंनी कपडे द्यायचं बंद केलं. मावशी रस्त्यात दिसली की त्या पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत पुढे निघून जायच्या.

बाईंचा नवरा कोळशाच्या खाणीत मुकादम होता. जेवताना शिंप्याच्या विहिरीचा विषय निघाला, तेव्हा तो सहज बोलून गेला, "म्हणजे आता बेकरीवाल्याची."

बाईंचा घास हातातच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"खोदकाम तिकडेच चाललंय. कोळसा काढला की मागचं छत आम्ही कोसळू देतो. वरचा खडक तडकतो, विहिरींचं आणि नदीचं पाणी त्या भेगांतून खाणीत उतरतं. आम्ही ते पंपानं उपसून टाकतो."

"आणि महाराजांना कसं कळतं?"

"त्यांचा मेहुणा आमचे नकाशे काढतो."

"हे ठाऊक असून गप्प बसलात? मावशीच्या दारावर दगड पडले."

"नोकरी आहे माझी," तो ताटाकडे बघत म्हणाला. "आणि तू तरी कुठं बोललीस?"

बाई ताट सारून उठल्या.

महाराजांच्या पुढच्या बैठकीत त्यांनी डोळे मिटायच्या आतच बाई उठल्या. "आता बेकरीची विहीर आटेल. माझ्या कानात कुणी रडलेलं नाही, तरी सांगते."

महाराज हसले. "बाईंवर कृपा झालेली दिसते."

बाईंनी सोबत आणलेलं घमेलं पुढे ठेवलं. त्यात ओली वाळू होती, वाळूत बोटानं ओढलेली नदी होती, नदीत पाणी होतं. तळाला तीन भोकं, बुचं लावलेली. त्यांनी एक बूच काढलं. नदी किंचित उतरली.

"ही आपली खाण. खाणीचे साहेब म्हणतात, आमच्यामुळे असं कितीसं पाणी जातं? नदीच्या वरच्या अंगाला आणखी दोन खाणी आहेत, त्यांचे साहेबही तेच म्हणतात." बाईंनी उरलेली बुचंही काढली. वाळूतली नदी सगळ्यांच्या देखत नाहीशी झाली.

"पोरखेळ," महाराज म्हणाले. "मग मला आधी कसं कळतं?"

मागे बाईंचा नवरा उभा राहिला. "खाणीत नकाशे काढणारा तुमचा मेहुणा सांगतो म्हणून. तो काय, दाराशीच बसलाय."

सगळ्या माना वळल्या. मेहुणा चपला शोधायला लागला.

थोड्याच दिवसांत बेकरीची विहीर आटली. या वेळी कुणी कुणाच्या पाया पडलं नाही. महाराजांचं बिऱ्हाड तोवर हललं होतं.

मग बाई, शिंपी, दुकानदार असे बरेच जण मावशीच्या दारात गेले. बाई म्हणाल्या, "मावशी, तुमचा दोष नाही हे मला कळत होतं. तरी मी गप्प राहिले. चुकलं माझं."

मावशी उंबऱ्यावरून उठली नाही. "नदी माझ्या पापानं आटली म्हटल्यावर लगेच दगड घेऊन आलात," ती शांतपणे म्हणाली. "आता खाणींनी आटवली म्हणता, तर सगळ्यांचे हात खिशात का?"



महाराज गेले, पण पाणी परत आलं नाही. नदी रुसत नाही, विटाळतही नाही. ती भेगांतून झिरपून जाते, आणि एकेका खाणीचं माप वेगळं काढलं की कुणाचाच दोष मोठा दिसत नाही. म्हणून चमत्कार दिसला की आधी विचारावं, याला हे कळलं कुठून? आणि जाब मागायचा तर तो एकट्या धोबिणीच्या दारात नव्हे, तिन्ही खाणींच्या दारात, सगळ्यांनी मिळून मागावा.