दोन खोल्यांतला डाव

पैज लावतो, यातलं एक अक्षर तुम्हाला पटणार नाही. वाचनालयात त्या दिवशी इतकी गर्दी होती, की शिंकणाऱ्याला शेजाऱ्याच्या बाहीला नाक पुसावं लागत होतं. गावात आलेले दिव्यदृष्टीवाले महाराज डोळ्यांना पट्टी बांधून दोन खोल्यांत एकाच वेळी बुद्धिबळ खेळत होते. एका खोलीत घड्याळजी, दुसरीत त्यांचा मेव्हणा, दातांचा डॉक्टर. गावातले सगळ्यात तयार गडी हेच दोघे; एकमेकांशी बसले की हटकून बरोबरी.

घड्याळजींना बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "महाराज तुमच्याशी हरले नाहीत, तर माझ्या हृदयाच्या गोळ्या आजपासून बंद. त्यांनी मंतरलेलं पाणी घेईन."

भिंत चाचपत महाराज आत आले. "सगळा पट लख्ख दिसतोय, बाळ! आमचा उंट तुझा मधला घोडा मारतो. आणि कुणी खोली बदलू नका रे, दिव्यदृष्टी गढूळ होते!"

घड्याळजी चपापले. पटाच्या मध्यात घोडा बसला, की उंट देऊन त्याचा काटा काढायचा, ही खोड मेव्हण्याची! दर रविवारी ते ती सोसत आले होते. म्हणजे आपली चाल तिकडे, त्याची इकडे. महाराज नुसते पोस्टमन!

पण हे तोंडानं सांगून शेजारी उभी बायको ऐकणार नव्हती. हरायला आलात म्हणून रडताय, म्हणाली असती.

"माझा उरलेला घोडा," ते मोठ्यानं म्हणाले, "सरळ पुढं. चार घरं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. घड्याळजींनी ओठांवर बोट ठेवलं. दिव्यदृष्टीला ते बोट काही दिसलं नाही.

"वा! ही चाल आम्ही कालच ध्यानात पाहिली होती," म्हणत महाराज बाहेर पडले.

मेव्हण्यानं गंमत समजून सोडून दिलं तर? घड्याळजींनी भिंतीला कान लावला.

भिंतीपलीकडून आरोळी आली, "सरळ चार घरं? महाराज, तो घोडा आहे की मालगाडी?"

घड्याळजी पट उचलून तिकडे धावले. मागोमाग बायको, मागोमाग सगळी खोली. दोन्ही पट शेजारी ठेवले. एकच डाव, मोहऱ्यास मोहरा!

"म्हणजे भाऊजी, आपण दोघंच खेळत होतो?" मेव्हणा किंचाळला.

"देवाच्या दरबारात घोडा कसाही जातो," महाराज पुटपुटले.

"खोटं!" बायको कडाडली. "घोड्याची चाल ठाऊक नाही आणि माझ्या हृदयाचं औषध देणार? आणि तुम्ही सगळे ऐका, माझ्यासकट! असलं काही दिसलं, की हात जोडायच्या आधी शेजारच्या खोलीत डोकावून बघायचं!"