काळ्या चौकटीचं आमंत्रण

कम्युनिस्ट राजवट जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा आमच्या बल्गेरियातल्या डोंगरी गावांना कारभार शिकवायला हॉलंडहून योस्टसाहेब आला. उंच, सालस माणूस. त्याची अट एकच होती. गावसभेला शंभर माणसं जमली तर गावाची कचेरी राहील, नाहीतर ती दरीखालच्या मोठ्या गावात जाईल. त्या कचेरीत स्तोइमेन्काने तीस वर्षं कारकुनी केली होती, आणि गावात आता उरली होती एकसष्ट माणसं.

"सभेची पत्रकं दारोदार लावा," साहेबाने दुभाषी पोरीकडून सांगितलं.

आमच्याकडे दारावर कागद लागतो तो मेलेल्याचा. काळी चौकट, फोटो, नाव. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाने पुन्हा नवा. लोक थांबून वाचतात ते तेवढंच. म्हणून स्तोइमेन्काने छापखान्यात पडून असलेल्या त्या चौकटीच्या कागदांवरच आमंत्रण छापून घेतलं आणि ओस घरांच्या दारांवरसुद्धा चिकटवलं.

"अगं बाई, कोणाकोणाला बोलावतेस?" गेना आजी खिदळली. "आमचा म्हातारा तर नक्की येणार. जिवंतपणी एक सभा चुकवली नाही त्याने, मत द्यायला दोन्ही हात वर करायचा!"

"येऊ देत. तेवढंच एक डोकं वाढेल."

रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात एकसष्टच्या एकसष्ट आले, शेतावरून तसेच. मागच्या रांगा रिकाम्या होत्या. तरी ठेवणीतल्या कपड्यांचा, डांबरगोळ्यांचा वास दाटून आला होता.

"कचेरी हवी त्यांनी हात वर करा," म्हणत साहेब बोटाने मोजू लागला. भरलेल्या रांगा संपल्या, पण बोट थांबलं नाही. थेट भिंतीपर्यंत गेलं.

"एकशे चौतीस!" साहेब खूश झाला. "मागच्या आजोबांना सांगा, दोन हात वर केले तरी मत एकच."

मागे वळून कोणी पाहिलं नाही. "खोड काही जात नाही त्याची," गेना आजी पुटपुटली.

साहेबाने कागद पुढे केला. खरा आकडा सांगितला तर कचेरी जाणार होती. स्तोइमेन्काने डोळे मिटले आणि एकशे चौतीसवर सही ठोकली.

सोमवारी आठला तिने कचेरी उघडली. बाहेरचं बाकडं रिकामं होतं, पण करकरलं. एकाने सरकून दुसऱ्याला जागा द्यावी तसं. मग खिडकीची काच बाहेरून धुरकटली, कोणीतरी तोंड जवळ आणल्यासारखी.

तिने चष्मा लावला आणि वही ओढली.

"एकेकाने या," ती म्हणाली. "घाई नको. कचेरी आता कुठे जात नाही."