शनिवार ते सोमवार

अधिक महिन्याचा एकोणिसावा दिवस उजाडला आणि चित्रलेखाच्या आजच्या पानाला माणूसच नव्हतं.

नेम तिचा साधा होता. महिनाभर रोज घराबाहेरचं एक माणूस जेवायला बसवायचं आणि त्याने गोडाचा घास घेतल्यावरच आपण जेवायचं. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये मराठी घरं मोजकी. तरी तिने आधीच फोन करून करून नावांचा एक कागद फ्रीजवर लावून ठेवला होता. अठरा दिवस सुरळीत गेले. आज मंजिरी येणार होती, तर सकाळी सातलाच तिचा मेसेज आला: मुलाला ताप आहे, आज जमत नाही.

तिचा नवरा अजित नुकताच पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यातली पाळी संपवून आला होता. बूट काढता काढता त्याने सगळं ऐकलं. "ज्यांच्या घरी दोन-दोन फ्रीज भरलेत, त्यांनाच तू आग्रह करून करून बोलावतेस," तो म्हणाला. "त्यातलं एखादं नाही आलं तर देव काही नोटीस पाठवणार नाही."

 थट्टेला उत्तर द्यायचा चित्रलेखाचा स्वभाव नव्हता. पण मनाला रुखरुख लागली. तिने अनारसे तळून डब्यात भरले. थंडीने पीठ आंबायला पाच दिवस लागले होते, तरी जाळी छान पडली होती. मग हॉलची किल्ली घेऊन ती बाहेर पडली. महाराष्ट्र मंडळ दर शनिवारी भजनासाठी कौन्सिलचा हॉल भाड्याने घेई आणि तो उघडायचं काम तिच्याकडे होतं.

सतरंज्या काढायला तिने मागची खोली उघडली. सतरंज्यांच्या ढिगात कुणीतरी झोपलं होतं.

एक मुलगी होती. विशी-एकविशीची, कोरियन. दिव्याच्या उजेडाने दचकून उठली आणि उठल्या उठल्या सतरंजीची घडी घालू लागली. "सॉरी, मी काही घाण केलं नाही," एवढंच इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कोपऱ्यात तिची एक मोठी बॅग होती, आणि खुर्चीच्या पाठीवर हॅंगरला लावलेला नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा निळा युनिफॉर्म. तो तेवढा कडक इस्त्रीचा होता.

तिचं नाव सोरा. ती राहत होती ते घर मालकाने विकलं आणि पाचही विद्यार्थ्यांना जायला सांगितलं. कोविडनंतर सीमा उघडल्या तशी विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. एका खोलीसाठी साठ-साठ अर्ज येत. सोराने दहा-बारा दिवस मैत्रिणींकडे काढले, मग त्यांच्याही मालकांनी कुरकुर केली. हॉलच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. तिची हॉस्पिटलमधली शेवटची प्लेसमेंट सुरू होती, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष करायचं काम. सोमवारी सकाळी सातला हजर राहिलं नाही तर ती नापास आणि मग व्हिसाचाही घोळ. आईवडिलांना तिने यातलं काही सांगितलं नव्हतं.

एव्हाना भजनाची मंडळी येऊ लागली. मंडळाचे अध्यक्ष राजीव यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चित्रलेखाला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण सावध फार. हॉल आपल्या नावावर आहे, उद्या काही झालं तर कौन्सिल आपल्याला विचारेल, आणि मुळात ही आपल्यातली नाही, असं त्यांचं म्हणणं. तिची युनिव्हर्सिटी आहे, तिच्या देशाची वकिलात आहे, कोरियन लोकांची चर्चं आहेत. ज्याचं त्याने बघावं.

तरी त्यांनी स्वतः फोन लावले. युनिव्हर्सिटीचं ऑफिस सोमवारी नऊला उघडणार होतं. वकिलातीत आधी रेकॉर्ड केलेला आवाज लागला, मग कुणीतरी सभ्यपणे सांगितलं, पासपोर्ट हरवला असेल, अटक झाली असेल तर आम्ही आहोत, राहायची सोय आमच्याकडे नसते. बेघरांसाठीच्या संस्थेने यादीत नाव घातलं, पण आज खाट नाही म्हणून सांगितलं. प्रत्येकाने दुसऱ्याचा नंबर दिला, आणि एकाचंही वागणं नियमाबाहेरचं नव्हतं.

चित्रलेखाच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. आज पानाला माणूस नाही म्हणून आपण तळमळत होतो, आणि देवाने माणूस दारात आणून ठेवलं! तिचे डोळे भरून आले. भजन आटोपताच ती सोराला घरी घेऊन गेली.

पान मांडलं, रांगोळीची रेघ ओढली, वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, वर दोन अनारसे. सोरा आधी संकोचली, मग खाली मान घालून जेवत राहिली. तिसऱ्यांदा भात घेताना तिचे कान लाल झाले. सतरा वर्षांची लेक मयूरा समोर बसून तिच्याशी इंग्रजीत गप्पा मारत होती. मध्येच ती स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आई, शी कॅन हॅव माय रूम. मी सोफ्यावर झोपते. नो वरीज."

चित्रलेखाने हातातली पळी खाली ठेवली. जेवू घालणं वेगळं आणि घरात ठेवून घेणं वेगळं. कोण कुठली मुलगी, घरात वयात आलेली पोर, अजितच्या पाळ्या. शिवाय एकदा ठेवली की किती दिवस? ती मयूराला म्हणाली, तिची माणसं आहेत ना, त्यांच्याकडेच तिला बरं वाटेल. मग फोनवर शोधून तिने सिडनीतल्या एका कोरियन चर्चचा पत्ता काढला, कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिला, बरोबर अनारशांचा डबा दिला आणि तीन वाजता सोराला स्टेशनवर सोडलं. मुलगी कमरेत वाकून दोनदा नमस्कार करून गेली.

घरी येऊन चित्रलेखा जेवायला बसली. नेम पार पडला होता. पण दोन घास घेऊन तिने ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी जपाला बसली तर माळेचे मणी पुढे जात होते आणि मन मागे राहत होतं. एकदा वाटलं, चर्चला फोन करावा. मग वाटलं, पोचली असेल, उगाच कशाला. तिने दोनदा उठून बाहेरचं दार लागलंय ना ते पाहिलं. अजितने विचारलं, काय गं, काय होतंय? ती म्हणाली, काही नाही, थंडी फार आहे आज. खरंच होती. डोंगरावरून झोंबरा वारा सुटला होता आणि खिडकीच्या काचा वाजत होत्या.

रविवारी बाराला विनिता जेवायला आली. विनिता हॉस्पिटलमध्ये वरिष्ठ नर्स. बोलायला फटकळ, पण कुणाच्याही अडचणीला पहिली उभी. यादीत रविवारचं नाव तिचंच होतं. ती पानावर बसली आणि पाणी पिता पिता सहज म्हणाली, "काल म्हणे तुला मोठं पुण्य लागलं. भजनाच्या ग्रुपवर वाचलं. मग कुठे आहे ती मुलगी?"

चित्रलेखाने सगळं सांगितलं. चर्चचा पत्ता, डबा, तीनची ट्रेन.

"चर्चला फोन केलास?"

"पत्ता दिला ना नीट लिहून."

विनिताने तिथेच नंबर शोधून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आदबीने सांगितलं की चर्चने ती जागा सोडून वर्ष झालं, नेटवर जुनाच पत्ता राहिलाय. अशी कुणी मुलगी आलेली नाही. त्यांनी सोराचं नाव आणि विनिताचा नंबर मात्र लिहून घेतला.

 फोन ठेवून विनिताने पानाला हात जोडले आणि ती उठली.

"अगं, बस ना! निदान दोन घास..." चित्रलेखा कावरीबावरी झाली. पानावरून माणूस उठणं, तेही अधिकात!

"नेम मोडायचाय म्हणून नाही उठले," विनिता शांतपणे म्हणाली. "घास उतरणार नाही म्हणून. तुझी अडचण मला कळते, घरात मुलगी आहे, भीती वाटते. पण एक सांग, काल तू तिला जेवायला घातलंस ते तिच्यासाठी की तुझ्या नेमासाठी?"

चित्रलेखा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "विनिता, मी एकटीने काय करायचं? तिचं सरकार आहे, युनिव्हर्सिटी आहे, एवढ्या फिया घेतात. हे त्यांचं काम नाही का?"

"त्यांचंच आहे. आणि सोमवारी सकाळी नऊला आपण त्यांच्या दारात उभं राहून ते करून घेऊच. पण शनिवार आणि सोमवारच्या मध्ये दोन रात्री असतात, चित्रा. ऑफिसं बंद असतात तेव्हा माणसाने कुठे झोपायचं? मी दोन हजार आठला शिकायला आले तेव्हा अशीच रस्त्यावर आले होते. एका मॅसिडोनियन म्हातारीने मला बस स्टॉपवर सलग दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी हाताला धरून घरी नेलं. मी कुठल्या देशाची, हे तिने मला विचारलं ते चौथ्या दिवशी. तेही नकाशा बघायची हौस म्हणून."

चित्रलेखाने गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली. विनिता तिच्याबरोबर निघाली.

स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला वर्णन सांगताच त्याने मान हलवली. मोठी बॅग, स्टीलचा गोल डबा, हो, पाहिलंय. ती मुलगी सकाळच्या पहिल्या गाडीने सिडनीहून आली आणि तेव्हापासून गाडीतच आहे. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाते, तशीच परत येते, कारण डब्यात हीटर असतो. त्याने एकदा हटकलं होतं, पण तिच्याकडे तिकीट होतं. "मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतेय," तो म्हणाला.

पुढची गाडी यायला वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं चित्रलेखा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. समुद्रावरून वारा येत होता. काल रात्री सोरा कुठे बसली असेल? बंद दारासमोर? आपल्याच हातचा कागद हातात धरून? देवासमोर बसून आपण माळ ओढत होतो, तेव्हा ती कुठल्या पायरीवर होती? अठरा दिवस आपण भरल्या पोटांना वाढलं, आणि एकोणिसाव्या दिवशी खरा अतिथी आला त्याला नीटनेटकं जेवू घालून, नीटनेटक्या अक्षरांत पत्ता देऊन, दाराबाहेर काढलं!

गाडी आली. तिसऱ्या डब्यात खिडकीला डोकं टेकून सोरा बसली होती. युनिफॉर्म अजून हॅंगरवर, चुरगळू नये म्हणून समोरच्या कडीला लावलेला. चित्रलेखाला पाहून ती झटकन उभी राहिली आणि तिने आधी डबा पुढे केला. बाई डबा परत मागायला आल्या असाव्यात, असंच तिला वाटलं.

चित्रलेखाने डबा घेतला नाही. तिने बॅग घेतली. "पत्ता चुकीचा होता," ती इंग्रजीत म्हणाली. "चूक माझी आहे. घरी चल. जागा मिळेपर्यंत तिथेच राहायचं."

सोरा रडली नाही. तिचे हात मात्र इतके गार पडले होते की विनिताने नर्सच्या सवयीने आधी तिची बोटं तपासली. दुपारी अडीचला तिघी एका रांगेत जेवायला बसल्या.

विनिताने जेवता जेवताच पुढचं ठरवलं. भीती वाटते ना, मग सगळं उघडपणे करायचं. मुलगी आपल्याकडे आहे, हे युनिव्हर्सिटीला मेलने कळवायचं, मंडळाला सांगायचं, तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावायचा. आईच्या कॉलला सोरा नाही म्हणत होती. शेवटी चित्रलेखा तिच्याशेजारी बसली. पलीकडच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि चित्रलेखाला कोरियन. तरी दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघून रडल्या, आणि मयूराने त्यांना टिश्यूचा डबा आणून दिला.

सोमवारी पहाटे पाळीवर जाता जाता अजितने सोराला हॉस्पिटलच्या दारात सोडलं. सातला दहा मिनिटं कमी होती. नऊला चित्रलेखा आणि विनिता युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात होत्या. तिथल्या मुलीने मनापासून लक्ष घातलं. नऊ दिवसांनी वसतिगृहात खोली मिळाली. वकिलातीने खोलीसाठी लागणारी कागदपत्रं करून दिली, कोरियन चर्चच्या बाई पांघरुणं घेऊन आल्या. म्हणजे ज्याने त्याने आपापलं काम केलंच. फक्त त्यांच्यापर्यंत पोचायला नऊ दिवसांचं छप्पर लागलं, ते एका घराने दिलं.

पुढच्या भजनाला चित्रलेखा उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. तिने आपली चूक जशी घडली तशी सांगितली, काही लपवलं नाही. मग एक कोरा कागद पुढे केला. अचानक रस्त्यावर आलेल्या कुणाही विद्यार्थ्याला, तो कुठल्याही देशाचा असो, दोन-चार रात्री आपल्याकडे ठेवू शकतील अशा घरांची नावं हवी होती. राजीव यांनी विम्याचा प्रश्न काढला, कौन्सिलचा काढला. मंजिरीने विचारलं, "राजीवदादा, तुमचा अनिश कॅनडाला निघालाय ना जानेवारीत? तिथे तो कुणातला असेल?"  कागद फिरून परत आला तेव्हा त्यावर सात नावं होती. शेवटचं नाव राजीव यांचं होतं.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुलं आज परक्या देशांत आहेत, आणि आपल्याही गावात परक्यांची मुलं आहेत. संकटात सापडलेल्या परदेशी माणसाला मदत करायची कुणी, त्याच्या सरकारने, कॉलेजने की त्याच्या जातभाईंनी, यावर आपण खूप बोलतो. त्या सगळ्यांनी आपलं काम करायलाच हवं आणि ते आपण मागून घ्यायलाही हवं. पण ती दारं उघडेपर्यंत तो माणूस, ज्याच्या नजरेस पहिल्यांदा पडला, त्याचा असतो. भुकेल्याला वाढलं की आपलं कर्तव्य संपत नाही. तो आज रात्री कुठे झोपणार, एवढं विचारेपर्यंत ते सुरूही झालेलं नसतं.