चांदणीच्या बाळाची नाडी

हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टर नीलमच्या टेबलावरच्या स्क्रीनवर चांदणीच्या बाळाची नाडी उणे एकशे बारा दिसत होती. बाळाशेजारच्या मॉनिटरवर मात्र एकशे चव्वेचाळीस होती, आणि नुकत्याच जन्मलेल्या जिवाला ती अगदी योग्य होती. पण बाळाची आजी, म्हणजे चांदणीची आई, मुर्धा गावची रंभा, हिची नजर आधी टेबलावर गेली आणि ती ओरडलीच. सिस्टरने तिला खुर्चीत बसवलं, बाळ धडधाकट असल्याचं पटवलं आणि मग क्षितिजाला फोन लावला.

मॉनिटरवरचे आकडे टेबलापर्यंत आणणारा प्रोग्राम क्षितिजाचा. सासूबाईंच्या आजारपणात तिची नोकरी सुटली ती बरीच वर्षं सुटलीच. भाईंदरच्या छोट्याशा कंपनीचा मालक यतीन याने तिला पुन्हा कामावर घेतलं, त्यानंतरचं हे पहिलं काम. चाचणी तिने ऑफिसातल्या सगळ्यांच्या बोटांना नाडी मोजायची क्लिप लावून केली होती. सगळी मोठी माणसं. कुणाचीच नाडी शंभरापुढे गेली नव्हती.

चूक लगेच सापडली. मॉनिटर नाडी एका बाइटमध्ये पाठवतो, शून्य ते दोनशे पंचावन्न. तिने प्रोग्राम लिहिला ती जावा ही भाषा मात्र एकशे सत्तावीसच्या पुढचा प्रत्येक बाइट उणे धरते. वाचलेल्या बाइटपुढे & 0xFF लिहिलं, की उणे झालेला आकडा पुन्हा मूळचा होतो. तिचा हात थांबला तो त्याखालच्या ओळीपाशी. उणे आकडा आला तर वायर निसटली समजून अलार्म वाजवू नये, असं तिनेच लिहिलं होतं. म्हणजे बाळाची नाडी खरोखर दोनशेवर गेली असती, तरी टेबलावर काहीच वाजलं नसतं.

तिने यतीनला सगळं सांगितलं. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, असंही म्हणाली. तो एवढंच म्हणाला, "आता यातलं काय चुकू शकतं ते तुलाच सगळ्यात जास्त माहितीये. तूच जा."

दोन्ही ओळी दुरुस्त करून, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत प्रत्येक आकडा पाठवून, तपासून ती दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेली. डॉक्टरांना प्रोग्राम खऱ्या बाळावर चालवून पाहायचा होता, पण घरच्यांनी हो म्हटलं तरच. वॉर्डात बाळ एकच होतं, चांदणीचं.

क्षितिजाने रंभापासून काही लपवलं नाही, अलार्मचंही सांगितलं. चांदणीने आईकडे पाहिलं.

"काल मना तुझा लय राग आलता," रंभा म्हणाली. "पन तू सोताहून सांगतेस. लाव बाय. मी हितंच बसतंय."

दोन्हीकडे एकशे सेहेचाळीस उमटले. बाळ रडायला लागलं तशी नाडी एकशे सत्तरच्या वर गेली, दोन्हीकडे बरोबरच. सिस्टरने मुद्दाम अलार्मची मर्यादा बाळाच्या नाडीखाली आणली, तेव्हा टेबलावरचा अलार्म कर्कश वाजला.

क्षितिजा स्क्रीनवरचे आकडे पाहतच राहिली. रंभाने तिच्याकडे एकदा पाहिलं, क्लिप निघाल्यावर बाळाला टॉवेलात गुंडाळलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे जरा. मी चाय पिऊन येतंय."

ती गेली. क्षितिजा स्क्रीनकडे पाठ करून बसून राहिली. तिच्या तळहाताखाली ती एवढीशी छाती भराभर उडत होती.